एक हजार एकशे अकरा पिंजरे

नगरात शिरल्याबरोबर त्या यात्रेकरूंना एक विचित्र गोष्ट दिसते. प्रत्येक घराच्या दारात हंस कोंडायचा पिंजरा ठेवलेला आणि त्यावर रंगीबेरंगी रेशमी पडदा सोडलेला. आज लग्नाचा मुहूर्त असावा, असं डुकराच्या तोंडाच्या चेल्याला वाटतं. माकड चेल्याला मात्र राहवत नाही. तो मधमाशी होऊन एका पडद्याआड शिरतो. पिंजऱ्यात एक लहान मुलगा बसलेला असतो. शेजारच्या घरी तेच, त्याच्या पलीकडे तेच. सगळे मुलगेच, मोठ्यात मोठा सात वर्षांचा, धाकट्यात धाकटा पाचाचा. कोणी खेळतोय, कोणी रडतोय, कोणी फळ खातोय, कोणी गाढ झोपलाय.

रात्री धर्मशाळेचा अधिकारी दबक्या आवाजात सगळं सांगतो. तीन वर्षांपूर्वी एक म्हातारा साधू सोळा वर्षांच्या देखण्या मुलीला घेऊन दरबारात आला. राजा तिच्या नादी लागला आणि खंगत गेला. आता साधू राजाचा सासरा झालाय आणि त्याने एक औषध तयार केलंय. ते घेतलं की राजा हजार वर्षं जगेल. फक्त औषधाला अनुपान हवं, एक हजार एकशे अकरा बालकांच्या काळजांचं. पिंजऱ्यातली मुलं त्यासाठीच निवडलेली आहेत. राजाज्ञेच्या धाकाने त्यांचे आईबाप मोठ्याने रडतही नाहीत.

‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी महाकादंबरीच्या अठ्ठ्याहत्तराव्या अध्यायातला हा प्रसंग. शंभर अध्यायांची ही कादंबरी १५९२ मध्ये नानजिंगमध्ये लेखकाच्या नावाशिवाय छापली गेली. आज ती सहसा वू चेंगअन यांची मानली जाते. तिच्यातला गुरू आपल्या ओळखीचा आहे. शाळेच्या इतिहासात भेटलेला ह्युएन त्संग तो हाच. सातव्या शतकात तो महाराष्ट्रातून गेला आणि पुलकेशीच्या राज्यातली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमान सहन करत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. त्याच्या खऱ्या प्रवासाभोवती चिनी लोककथेने आठ-नऊशे वर्षं रंग भरले आणि त्याला तीन चेले दिले: माकड, डुक्कर आणि नदीतला राक्षस.

साधक, राक्षस आणि अमरत्व यांच्या चिनी अद्भुतकथा आज मोबाइलवरच्या कादंबऱ्यांतून, मालिकांतून, चित्रपटांतून जगभर पोचल्या आहेत. उडत्या तलवारी आणि आकाशातली युद्धं पाहून त्या निव्वळ करमणुकीच्या वाटतात. पण जरा थांबून वाचलं, तर त्यांतल्या उत्तम कथा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारताना दिसतात. तुझ्या अमरत्वाच्या भट्टीत जळतंय कोण?

भट्टी बाहेरची, भट्टी आतली

भट्टी हा शब्द इथे उगाच आलेला नाही. साधनेला चिनी भाषेत ‘शिउ-लिएन’ म्हणतात. ‘शिउ’ म्हणजे नीट करणं, घडवणं. ‘लिएन’ म्हणजे विस्तवावर तापवून शुद्ध करणं, सोनार किंवा लोहार करतो तसं. त्या अक्षरातच अग्नीचं चिन्ह आहे. गंमत अशी, की अमरत्वाची गोळी तयार करण्यालाही हेच ‘लिएन’ लावतात. स्वतःला तावून सुलाखून घेणं आणि भट्टीत औषध शिजवणं या दोन्ही क्रियांना एकच शब्द. पुढचा सगळा घोळ याच शब्दाच्या पोटात आहे.

गोळीला ‘दान’ म्हणतात आणि दान या अक्षराचा मूळ अर्थ हिंगूळ. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं लालभडक खनिज. तापवलं की त्यातून चकाकणारा, पळणारा पारा सुटतो. योग्य प्रक्रिया केली की पुन्हा लाल पदार्थ हाती येतो. मरून पुन्हा जिवंत होणारा पदार्थ, असं प्राचीन रसायनकारांना वाटलं तर नवल नाही. आपल्याकडच्या रसशास्त्रालाही पाऱ्याचं असंच वेड होतं. चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याने अमरत्वाच्या औषधासाठी पूर्व समुद्रात माणसं पाठवली आणि इसवी सनपूर्व २१० मध्ये तो वारला. तांग घराण्यातले एकाहून अधिक सम्राट अशा गोळ्यांनी आजारी पडले. त्यांतला वूझोंग ८४६ मध्ये गेला.

हळूहळू भट्टी बाहेरून आत आली. दहाव्या शतकानंतर एका नव्या विचाराने मूळ धरलं: शरीर हेच भांडं, श्वास हाच भाता, आणि बेंबीखालचा भाग म्हणजे ‘दान-तियेन’, हिंगुळाचं शेत. तिथे सार, प्राण आणि चित्त यांचा पाक करायचा आणि शेवटी आत एक सोनेरी गोळी तयार व्हायची. आजच्या साधककादंबऱ्यांतल्या पायऱ्या इथूनच आल्या: प्राणशुद्धी, पायाभरणी, सुवर्णगोळी, मग पोटात वाढणारं आत्म्याचं बाळ, आणि शेवटी आकाशातून कोसळणाऱ्या विजांची परीक्षा. जो पार पडला तो ‘शिएन’, म्हणजे अमर. हे अक्षर माणूस आणि डोंगर अशी दोन चिन्हं शेजारी ठेवून लिहितात.

ही शिडी फक्त माणसांसाठी नाही. कोल्हा, साप, हरीण, जुनं झाड, सगळ्यांना ती चढता येते. शेकडो वर्षं साधना करून मनुष्यरूप मिळवणाऱ्या या जिवांना ‘याओ’ म्हणतात. मेलेल्या माणसाचं भूत ते ‘ग्वेई’. आणि तिसरा ‘मो’. हा शब्द तर आपल्याकडून गेलेला आहे. बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाला ढळवायला आलेल्या ‘मारा’चं नाव चिनीत कसं लिहायचं, हा प्रश्न बौद्ध ग्रंथांच्या अनुवादकांना पडला. आधी त्यांनी ‘दळणे’ या अर्थाचं सारख्या उच्चाराचं अक्षर वापरलं. पुढे त्यातलं दगडाचं चिन्ह काढून भुताचं चिन्ह बसवलं गेलं. चिनी अद्भुतकथेतला दैत्य असा अक्षरापासूनच मनाला ढळवणारा आहे.

शिडी तर सगळ्यांना मोकळी. मग चढायची कशाच्या बळावर? चौथ्या शतकातला ताओवादी विद्वान गे होंग गोळ्यांचा कट्टर पुरस्कर्ता होता. पण त्याने एक हिशेब लिहून ठेवला आहे. पृथ्वीवरचा अमर व्हायचं तर ३०० सत्कर्मं, स्वर्गातला अमर व्हायचं तर १२००. आणि १,१९९ झाल्यावर एक दुष्कर्म घडलं, तर आधीची सगळी वाया. पुन्हा एकपासून सुरुवात. गोळी कितीही उत्तम असो, सत्कर्माविना ती उपयोगाची नाही. पण भट्टी पेटवणाऱ्यांनी हे पान बहुधा वाचलंच नाही.

कादंबरीआधीचा राजा

पिंजऱ्यांची गोष्ट छापली गेली त्याच्या पन्नास वर्षं आधी बीजिंगच्या राजवाड्यात एक खरी घटना घडली. १५२१ ते १५६७ अशी पंचेचाळीसहून अधिक वर्षं राज्य केलेला मिंग सम्राट जिआजिंग अमरत्वाच्या नादाने झपाटलेला होता. त्याच्या गोळ्यांमधला एक घटक कोवळ्या मुलींच्या पहिल्या विटाळाच्या रक्तापासून केलेला असे. त्यासाठी लहान मुली राजवाड्यात आणल्या जात. १५५२ मध्ये ८ ते १४ वर्षांच्या ३०० मुली आणल्याची नोंद जुन्या ग्रंथांत सापडते. दासींना मिळणारी वागणूक क्रूर होती.

१५४२ च्या एका रात्री काही दासींनी झोपलेल्या सम्राटाच्या गळ्याला दोर आवळला. गाठ चुकीची पडली आणि दोर घट्ट होईना. त्यांतली एक घाबरून सम्राज्ञीकडे धावली. सम्राट वाचला. सोळा दासींना तुकडे तुकडे करून मारण्याची शिक्षा झाली. सम्राट मुख्य राजवाडा सोडून पश्चिमेच्या उद्यानात राहायला गेला आणि गोळ्या घेत राहिला. या राजवटीतच वू चेंगअन यांचं बहुतेक आयुष्य गेलं. भिक्षुराज्यातल्या पिंजऱ्यांवर अनेक अभ्यासकांना या सम्राटाची सावली दिसते. हो, त्या कादंबरीतल्या देशाचं नाव भिक्षुराज्य. आपल्याच ‘भिक्षू’ शब्दाचं चिनी रूप. ज्याच्या नावात संन्यास आहे त्या देशात मुलांची काळजं काढली जाणार आहेत, हे वाचकाला टोचावं म्हणूनच बहुधा ते नाव आलं.

काळं काळीज

गोष्टीत पुढे माकड, म्हणजे सुन वुखोंग, त्या रात्रीच देवतांकरवी सगळे पिंजरे डोंगरात लपवतो. सकाळी मुलं गायब. पण साधूला त्याहून मोठं सावज दिसलेलं असतं. दहा जन्म साधना केलेला भिक्षू नगरात आलाय; त्याचं एक काळीज मिळालं तर मुलांची गरजच नाही! राजा भिक्षूला दरबारात बोलावून अगदी नम्रपणे त्याचं काळीज मागतो.

तोवर वुखोंगने गुरूचं रूप घेतलेलं असतं. तो विचारतो, कोणत्या रंगाचं हवं? साधू म्हणतो, काळं. मग वुखोंग भर दरबारात स्वतःचं पोट चिरतो आणि आतून काळजांची रास बाहेर पडते. तो एकेक उचलून दाखवतो: लोभाचं, कीर्तीचं, मत्सराचं, कपटाचं, अहंकाराचं, हत्येचं. सगळी निघतात, काळं तेवढं निघत नाही. वुखोंग म्हणतो, आम्हा भिक्षूंकडे काळं काळीज नाही. ते तुझ्या सासऱ्याकडे आहे. थांब, काढून देतो.

हे दृश्य हसवतं आणि हादरवतं. वुखोंगच्या पोटातली सगळी काळजं चांगली नाहीत, हे विसरू नये. लोभ आहे, मत्सर आहे, हत्याही आहे. विकार असणं म्हणजे राक्षस असणं नव्हे, असं कादंबरी सांगते. दुसऱ्याचं मूल आपल्या आयुष्याचं अनुपान वाटू लागलं, की काळीज काळं झालं. आणि ही मागणी करणारा राजा शंभर टक्के माणूस आहे.

साधू पळतो, पकडला जातो, आणि कळतं की तो एक हरीण आहे. साधंसुधं नाही, तर दीर्घायुष्याच्या देवाचं, चिनी घराघरात नवीन वर्षाला ज्याचं चित्र लागतं त्या मोठ्या कपाळाच्या हसऱ्या म्हाताऱ्याचं वाहन. मालक येतो, हरणाला घेऊन जातो. राणी झालेली कोल्ही मात्र जागीच मारली जाते. तिला सोडवायला वरून कोणी येत नाही. ‘पश्चिमेच्या यात्रे’त हे वारंवार घडतं. ज्या राक्षसाचा धनी स्वर्गात आहे तो सुटतो, बेवारस राक्षस मरतो. चिनी वाचक हे नेमकं ओळखतात, कारण दरबार आणि वशिला त्यांनाही ठाऊक आहे, जसा तो आपल्याला आहे.

राक्षस ठरवणारे

कोणाला राक्षस म्हणायचं हे ठरवण्याची सत्ता कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न पुढच्या कथांनी आणखी धारदार केला. श्वेत नागिणीची कथा घ्या. हजार वर्षं साधना करून स्त्री झालेली नागीण हांगझोऊच्या सरोवराकाठी एका साध्या तरुणाशी संसार मांडते. फाहाय नावाचा भिक्षू तिला सरोवराकाठच्या लेइफेंग मनोऱ्याखाली गाडतो. १६२४ मध्ये फेंग मेंगलोंग यांनी छापलेल्या कथेत ती अजून भीतिदायक आहे. पण अठराव्या शतकातल्या नाटकांपासून लोकांची माया उघडपणे तिच्याकडे वळली. खरा लेइफेंग मनोरा २५ सप्टेंबर १९२४ रोजी कोसळला. त्याच्या विटा शुभ मानून लोक वर्षानुवर्षं काढून नेत होते. मनोरा पडल्याचं कळल्यावर चिनी लेखक लू शून यांनी आनंदाने लेख लिहिला आणि भिक्षूने आपलं भिक्षूपण सांभाळायचं सोडून परक्याच्या संसारात नाक का खुपसावं, असा रोकडा सवाल केला.

पू सोंगलिंग (१६४०–१७१५) तर आयुष्यभर याच प्रश्नाशी झगडले. शानदोंगमधल्या एका खेड्यातला हा मास्तर तरुणपणी पहिल्या सरकारी परीक्षेत अव्वल आला आणि पुढच्या परीक्षेत म्हातारपणापर्यंत नापास होत राहिला. त्यांच्या जवळजवळ पाचशे अद्भुतकथांत कोल्ह्या आणि भुतं प्रेम करतात, शब्द पाळतात. त्यांची सगळ्यात भयंकर गोष्ट मात्र एका रातकिड्याची आहे. सम्राटाला रातकिड्यांच्या झुंजींचा शौक. म्हणून गावोगाव रातकिड्यांची वसुली. एका गरीब माणसाला किडा मिळाला नाही म्हणून फटके बसतात. महत्प्रयासाने मिळालेला किडा त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हातून मरतो आणि मुलगा भीतीने विहिरीत उडी घेतो. त्याचा जीव मग एका चिमुकल्या रातकिड्यात शिरतो आणि बापाची अब्रू राखण्यासाठी दरबारात झुंजतो. या कथेत एकही राक्षस नाही. तिथे कुणाचंही काळीज चाकूने काढलेलं नाही; एका शौकापायी ते काम आपोआप झालं आहे.

आजची भट्टी

विसाव्या शतकात या परंपरेने वर्तमानपत्रात बस्तान बसवलं. १९३२ पासून हुआनझूलोउझू या टोपणनावाने शू प्रदेशाच्या डोंगरातल्या तलवारबाज अमरांची प्रचंड कादंबरी क्रमशः येऊ लागली. एकविसाव्या शतकात ती जागा इंटरनेटने घेतली. रोज एक-दोन प्रकरणं लिहिणारे लेखक आणि रोज वाट पाहणारे लाखो वाचक. यातलं बरंचसं लेखन शक्तीची शिडी चढण्यापुरतंच आहे. शत्रू मारा, त्याची गोळी गिळा, वरची पायरी गाठा. पण चांगले लेखक याच शिडीवर उभं राहून तिलाच प्रश्न विचारतात.

२००३ मध्ये सुरू झालेल्या शिआओ दिंग यांच्या ‘झू शिएन’मध्ये एका गावाची एका रात्रीत कत्तल होते. सगळे दैत्यपंथाकडे बोट दाखवतात. बऱ्याच काळाने उघड होतं, की मारेकरी एक पूज्य भिक्षू होता, आणि त्याला विद्यांच्या मीलनातून अमरत्वाचं कोडं सोडवायचं होतं. मो शियांग तोंग शिउ या लेखिकेच्या, २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘मो दाओ झू शी’चा नायक ‘दैत्यमार्गी’ म्हणून बदनाम आहे. तो पराभूत घराण्यातल्या म्हाताऱ्यांना आणि एका तान्ह्यासारख्या पोराला आसरा देतो. चारित्र्याच्या गप्पा मारणारी प्रतिष्ठित घराणी त्यांची कत्तल करतात. पण त्याने वाट का बदलली, हे कळतं तेव्हा वाचक थबकतो. आपल्या पोटातली सुवर्णगोळी त्याने गुपचूप काढून भावासारख्या मित्राला दिलेली असते. राजे दुसऱ्याचं काळीज मागत होते; हा आपलं देऊन बसला.

आणि मग २०२५ च्या चिनी नववर्षाला आलेला ‘ने झा २’. पंधरा अब्ज युआनहून अधिक कमाई करणारा हा ॲनिमेशनपट जगातला सर्वाधिक गल्ला जमवणारा ॲनिमेशनपट ठरला. त्याच्या नायकाचं नाव आपल्या ओळखीचं आहे, फक्त ओळखू येत नाही: कुबेराचा मुलगा नलकूबर, ज्याला शापातून वृक्ष झालेल्या रूपात बाळकृष्णाने मुक्त केलं, तो बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला गेला आणि अक्षरं गळत गळत ‘ने झा’ झाला. चित्रपटात हा दैत्यगोळा घेऊन जन्मलेला पोरगा अमर होण्याची परीक्षा द्यायला स्वर्गीय महालात जातो. परीक्षा म्हणजे तीन राक्षसांना धरून आणणं. पहिल्या खेपेला हाती लागते ती भोपळ्याची पेज खाणारी बिचारी रानउंदरांची टोळी. कुणाला काही त्रास दिलेला नाही. त्यांना धरून आणलं जातं ते कशासाठी, हे नंतर कळतं: महालात एक अवाढव्य भट्टी आहे आणि राक्षस वितळवून तिथे साधकांसाठी गोळ्या बनतात. महालाचा प्रमुख कोण? मोठ्या कपाळाचा, पांढऱ्या दाढीचा, हसरा म्हातारा, आणि त्याचा एक शिष्य हरीण. ‘पश्चिमेच्या यात्रे’तला दीर्घायुष्याचा देव या वेळी आपल्या हरणाला सोडवायला आलेला नाही, भट्टी त्याचीच आहे. पुढे नायकाची आई त्याच भट्टीत, मुलाला कवटाळून, एका गोळीएवढी होऊन जाते.

हिंगुळाच्या मडक्यापासून या भट्टीपर्यंत प्रश्न तोच राहिला. अमरत्वाचं स्वप्न वाईट नाही, साधनाही वाईट नाही. पण उंची कशाच्या बळावर मिळवली हे विचारायचं सोडलं, की साधूचं हरीण आणि राजाचा राक्षस व्हायला वेळ लागत नाही. शक्ती आणि करुणा या दोन वेगवेगळ्या शिड्या आहेत, आणि पहिलीच्या शेंड्यावर पोचलेला दुसरीच्या पहिल्या पायरीवरही नसू शकतो. गे होंगच्या १,१९९ सत्कर्मांचा हिशेब नेमका हेच सांगत होता.

सुन वुखोंगलाही एकदा असंच भट्टीत घातलं होतं. स्वर्गात दंगा केला म्हणून देवांनी त्याला ४९ दिवस अमरत्वाच्या गोळ्यांच्या भट्टीत कोंडलं. तो वितळला नाही. धुराने डोळे लाल झाले आणि त्या डोळ्यांना राक्षस ओळखण्याची दृष्टी आली. पिंजऱ्यातल्या मुलांना सर्वांत आधी पाहिलं, ते याच डोळ्यांनी. भट्टीत कसं वाटतं हे त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

भिक्षुराज्याची गोष्ट संपते तेव्हा आकाशातून पिंजरे खाली येतात. आईबाप धावत येऊन आपापलं मूल ओळखतात आणि उचलून घेतात. कालपर्यंत या यात्रेकरूंच्या भेसूर तोंडांना लोक बिचकत होते. आज गर्दीतून कुणी माकडाला डोक्यावर घेतं, कुणी डुकराला उचलतं, कुणी नदीतल्या राक्षसाला खांद्यावर घेतं. तिघेही एके काळचे राक्षसच. त्यांची तोंडं बदललेली नसतात. मुलं घरी आल्यावर लोकांना त्यांची भीती वाटेनाशी झालेली असते.